उद्या न्यायला या

सोमवार, ४ मार्च

गुणगुण्या,

पत्ता तोच, तुझ्या जहाज कंपनीच्या ऑफिसचा. नव्या वर्षाच्या कार्डामागे छापलेला असतो तो. कार्डावर तू दरवर्षी "ठीक आहे" एवढंच लिहितोस आणि आई ते आठवडाभर वाचत बसते. दोन शब्दांत इतकं काय वाचते, तिचं तिला ठाऊक. ऑफिसवाले माझी पत्रं तुझ्यापर्यंत पोचवतात की त्यावर चहाचे कप ठेवतात, हेही मला माहीत नाही. तरी लिहिते. दुसरा इलाज नाही.

आधी महत्त्वाचं. आईचे कान चाललेत. दोन्ही. कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला यंत्र लावलं आणि एकेक आवाज सोडला. ऐकू आला की तिनं बोट वर करायचं. बारीक, वरचे आवाज आले तेव्हा ती शाळेतल्या ढ मुलीसारखी माझ्याकडे बघत बसली. खालचे, जाडे आवाज आले की बोट वर. डॉक्टर म्हणाले, वरचं आधी जातं, खालचं मागून जातं, पण जातं. किती दिवसांनी, ते काही सांगेनात. मशीन लावून थोडा उपयोग होईल, फार नाही.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "सगळंच जायच्या आधी त्याचा आवाज कानावर पडेल का गं?" एवढंच विचारलं. रडली वगैरे नाही. तू तिला ओळखतोस.

तेव्हा कुठल्याही बंदरावरून दुकानात फोन कर. नंबर तोच आहे. दोन मिनिटं बोल, हवापाण्याचं बोल, मला शिव्या घाल, काही कर. तिला ऐकू आलं म्हणजे झालं.

दुसरी बातमी ऐकून तू हसशील किंवा पत्र फाडशील. आपली रेकॉर्ड लोकांना आवडायला लागली आहे. होय, तीच. 'ओले कोट' या बँडची 'उद्या न्यायला या'. आपल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत ओल्या कोटांच्या रांगांमध्ये उभं राहून आपण तिघांनी वाजवलेली. तू गायलास, मी बेस वाजवला आणि ढोल्यानं ड्रम बडवले. तेव्हा कुणी फुकट घेईना, आठवतंय? गठ्ठेच्या गठ्ठे साबणाच्या खोक्यांमागे पडून होते. आता कुणीतरी जुन्या बाजारातून एक उचलली, इंटरनेटवर टाकली आणि लोक अक्षरशः वेडे झालेत. ढोल्या मला फोनवर दाखवायला आला होता. तो आता लिफ्ट तपासायचं काम करतो, पोट सुटलंय, पण स्वतःचं नाव त्यानं मला तीनदा वाचून दाखवलं. मीही वाचलं. एकानं लिहिलंय की या गायकाच्या आवाजानं त्याला जगवलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खरं असावं.

पण फोन कर. रेकॉर्डचं राहू दे.

ताई

रविवार, २४ मार्च

गुणगुण्या,

फोन आला नाही. जहाज समुद्रात असेल असं मी आईला सांगितलं. मलाही तेच सांगते.

परवा दुकानात एक मुलगी आली. अंगातल्या जाकिटाला इतके खिसे की मोजता मोजता माणूस दमेल. म्हणून मी तिला खिसेवाली म्हणते. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. एक कोट धुवायला आणला होता आणि तो आधीच स्वच्छ होता. मी म्हटलं, "बाई, याला काय धुऊ?" तर एकदम लाल झाली आणि म्हणाली, "ताई, 'ओले कोट'मध्ये बेस वाजवायच्या त्या तुम्हीच ना?"

मी नाही म्हणणार होते. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी डाग जाईल का याशिवाय काही विचारलेलं नाही.

तिच्यामागून आणखी आले. दोघं कॉलेजातली पोरं, एक बसचा ड्रायव्हर, एक बाई तर रात्रभर प्रवास करून आली. सगळ्यांना मागची खोली बघायची असते. 'एक बटण कमी' या गाण्यात मध्येच जो फुस्स असा आवाज येतो ना, त्यावरून त्यांच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतात तो गायकाचा उसासा आहे, दुसरे म्हणतात समुद्र आहे. मी म्हटलं, ती आपली कोट दाबायची प्रेस आहे, आपण सांगूनही बाबांनी थांबवली नाही, त्यांना सायंकाळपर्यंत एक सुटांचा गठ्ठा द्यायचा होता. प्रेस चालवून दाखवली. बसवाल्यानं डोळे मिटून घेतले. वाफ सोडून सोडून माझा हात दुखला, पण त्याचं समाधान होईना.

मग मला राहवलं नाही आणि मी खिसेवालीला खरं काय ते सांगितलं. तुला सांगायची गरज नाही, पण तिला कसं सांगितलं ते लिहिते. म्हटलं, तुम्ही ज्या आवाजावर जीव टाकता तो माझ्या भावाचा आवाजच नाही. आम्ही बाबांच्या टेपरेकॉर्डरवर गाणी टेप केली. त्याचा आतला रबरी पट्टा सैल झालेला, त्यामुळे यंत्र हळू फिरायचं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर टेप केलं आणि त्याच यंत्रावर ऐकलं, तर सगळं बरोबर ऐकू येतं. आम्हाला काय कळणार? टेप रेकॉर्डच्या कारखान्यात गेली, तिथलं यंत्र नीट वेगात फिरत होतं, आणि गाणी धावायला लागली. भावाचा आवाज चढून बारीक झाला. जो आला तो आवाज जगात कुणाचाच नाही.

तिनं जाकिटाचा एक खिसा उघडला, बंद केला. मग म्हणाली, "ताई, हे बाकीच्यांना नका सांगू."

तेवढ्यात आईची वेळ झाली. दुपारी दुकान बंद केलं की ती मागच्या खोलीत जाते, बाबांचा टेपरेकॉर्डर लावते आणि तुझी मूळ टेप ऐकते. रेकॉर्ड नाही, टेप. रोज. तू गेलास तेव्हापासून. त्या यंत्रावरच तू तुझ्यासारखा वाजतोस. मी त्या वेळी पुढे येऊन काहीतरी खडबड करत बसते. तुझं गाणं ऐकायची मला हिंमत होत नाही, तेव्हाही झाली नाही. खिसेवाली मात्र आईशेजारी जाऊन बसली. परत आली तर चेहरा पडलेला. "आवाज छान आहे हो," म्हणाली. "पण हा तो नाही."

गंमत बघ. मी आईला एकदा रेकॉर्ड लावून दिली होती, तेव्हा तीही अगदी हेच म्हणाली होती.

रेकॉर्ड आली त्या दिवसाचं मला आठवायचं नाही, पण ही माणसं रोज आठवण करून देतात. बाबांनी दुकानात गिऱ्हाइकांसमोर ती लावली आणि म्हणाले, "हे कुणाचं मांजराचं पिल्लू?" सगळे हसले. तू म्हणालास, तुमच्या मशीनचा दोष आहे. बाबा म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. मी दोघांच्या मध्ये उभी होते, हातात कुणाची तरी पँट होती. त्या पँटचा रंगसुद्धा आठवतो. पुढचं तुला माहीतच आहे.

ज्याला तेव्हा पिल्लू म्हटलं त्याच आवाजासाठी आज लोक रात्रभर प्रवास करून येतात. कुणाला सांगू आणि काय सांगू?

फोन कर.

ताई

शुक्रवार, १९ एप्रिल

गुणगुण्या,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. चार दिवस टाळलं.

खिसेवालीनं विचारलं, सगळे चाहते एकदा तुमच्याकडे जमले तर चालेल का? मी म्हटलं, या. मला वाटलं पाचसहा जण येतील. आली माणसं दाराबाहेरपर्यंत. मागच्या खोलीत त्यांनी स्वतः कोट ओले करून टांगले, रेकॉर्डच्या वेळी होते तसे. कुणाचे कोण जाणे. फरशीवर पाणीच पाणी. आणि मग सगळ्यांनी मिळून 'एक बटण कमी' म्हटलं. तू त्यांना बघायला हवं होतंस. आडदांड गडी, दाढ्या वाढलेले, आणि त्या बारीक आवाजापर्यंत पोचायला माना ताणून ताणून गात होते. "कोट तुझा आहे, थंडी माझी." एकाच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. मला हसू आवरेना आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या ओळी या लोकांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. आई खुर्चीत बसून त्यांची तोंडं हलताना बघत होती. "कुणाचं गाणं म्हणतायत?" असं तिनं मला विचारलं. मी कानात ओरडून तुझं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, पटलं नाही तिला.

मग हॉटेलवाल्यांचा फोन आला, टेबलाच्या चादरी लगेच हव्यात. मी गाडी घेऊन गेले. ढोल्याला म्हटलं, लक्ष ठेव. ढोल्या कसला लक्ष ठेवतोय! त्याला लोकांनी ड्रमच्या काड्यांवर सह्या करायला बसवलं होतं.

त्या लोकांत एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर टेपरेकॉर्डर दुरुस्त केले त्यांनी, आता निवृत्त. सगळे त्यांना काका म्हणतात. फार सज्जन माणूस. त्यांनी बाबांचा टेपरेकॉर्डर पाहिला आणि त्यांना भरून आलं. याच यंत्रावर ती रेकॉर्ड झाली! झाकण उघडलं तर पट्टा डांबरासारखा चिकट झालेला. काढता काढता त्याचे तुकडे पडले. पिशवीत नवा होताच. त्यांनी तो बसवला, आतली चाकं पुसली, तेल घातलं, वेग मोजून अगदी काटेकोर लावला. मी परत आले तर काका घाम पुसत उभे, चेहरा उजळलेला. "ताई, तुमच्यासाठी आमच्याकडून भेट. एकदम नवं केलं बघा."

आणि त्यांनी तुझी टेप लावून दाखवली. बारीक, चढा, धावता आवाज. रेकॉर्डसारखाच, तंतोतंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिसेवाली तर माझ्या गळ्यातच पडली. "बघा ताई, मूळ टेपवरही हाच आवाज आहे! तुमचीच काहीतरी समजूत चुकली होती!"

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, पण इथं कुत्रंही नव्हतं. सगळी प्रेमानं वागणारी माणसं. काकांच्या हाताला रबर चिकटलं होतं, ते निघेना, मी त्यांना आपलं डागाचं औषध दिलं आणि वर चहासुद्धा पाजला. ते तुकडे मी नंतर कचऱ्यातून काढले. आगपेटीत ठेवलेत. कशासाठी, विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मागं गेली. मी पुढे उभी राहून देवाचा धावा करत होते, की तिचे कान इतके गेलेले असोत की तिला फरक कळू नये. अशी मुलगी मी. बटण दाबल्याचा आवाज आला. गाणं सुरू झालं. मग बंद झालं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी गेले तर ती वाकून यंत्राच्या मागच्या बाजूला बघत होती.

"हे कोण आहे?" तिनं विचारलं. "तो कुठं गेला?"

मी पट्ट्याचं समजावून सांगितलं. तिला निम्मं ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "काल दुपारपर्यंत होता ना."

त्यानंतर तिनं यंत्र लावलेलं नाही. दुपारी जाते, समोर बसते, झाकणावर हात ठेवते आणि परत येते. जेवते तेही तोंडी लावल्यापुरतं. मला हे बघवत नाही आणि बघण्यावाचून दुसरं काही करताही येत नाही.

फोन कर रे. तुझा राग बाबांवर होता, ते गेले. आमच्यावर असेल तर तोही काढ, पण फोनवर काढ.

ताई

गुरुवार, ९ मे

गुणगुण्या,

खिसेवालीला मी शेवटी आईसमोर नेऊन बसवलं. बोलले काही नाही, नुसतं बघ म्हटलं. तिनं आईचा यंत्रावरचा हात पाहिला आणि तिला सगळं उमगलं. बसल्या जागी रडायला लागली. मग आईच तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, आता काय म्हणावं.

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊन आली. सोबत कॉम्प्युटर. काका बिचारे खाली मान घालून बसले होते, जणू कुणाचा खून केलाय. कॉम्प्युटरवर गाणं हवं तितकं हळू करता येतं म्हणे. मी म्हटलं, मग करा की जुन्याइतकं हळू. काका म्हणाले, "ताई, जुनं म्हणजे नक्की किती? ते कुणी मोजलंय? मी मोजायला हवं होतं. आधी मोजायचं असतं, ते मी विसरलो." त्या माणसाचा चेहरा बघून मला माझंच दुःख बाजूला ठेवावं लागलं.

मोजमाप आता एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आईच्या कानात. आणि ते कान असे.

तिला मोठे स्पीकर लावून दिले, तिचा तळहात त्यावर ठेवला. चष्म्याच्या डॉक्टरकडे कशी काच बदलून विचारतात, हे बरं की ते बरं, तसं चाललं. खिसेवाली थोडं हळू करायची, आई मान हलवायची. नाही. आणखी हळू. नाही. एका ठिकाणी मीच खुर्ची सरकवून उठले. तो तू होतास. साबणाच्या खोक्यावर बसून पाय हलवत गाणारा, अगदी तू. मी म्हटलं, "आई, हाच!" आई म्हणाली, "छे गं. हा केव्हाचा. पुढं ने."

पुढं नेलं. आवाज खाली उतरत गेला, जड होत गेला. मला वाटलं, गेलं, हिचं सगळंच बिघडलं. आणि मग तिनं एकदम हात वर केला. तोंडभर हसली. "हा. हा बघ. हाच रोज असतो."

गुणगुण्या, तो आवाज बाबांचा होता. गिऱ्हाइकाला "उद्या न्यायला या" म्हणणारा आवाज. खिसेवालीला काय कळणार, ती आनंदानं लिहून घेत होती. ढोल्या दारात उभा होता, त्याला कळलं. तो हळूच बाहेर निघून गेला.

मला वाटलं, म्हातारपणी तिच्या डोक्यात नवरा आणि मुलगा एक झालेत. काकांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, तसं नाही. पट्टा काही एकदा सैल होऊन थांबत नाही. वर्षावर्षाला आणखी सैल होतो, यंत्र आणखी हळू फिरतं. रोज ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणजे ती रोज दुपारी ऐकत होती आणि तुझा आवाज तिच्यासमोर हळूहळू वयात येत होता, जाड होत होता, चाळिशीकडे चालला होता. मी पुढच्या खोलीत खडबड करत होते, मला पत्ताच नाही.

मी आईला विचारलं, तुला जाणवलं नाही का, आवाज बदलतोय ते? ती म्हणाली, "मुलगा आहे. मोठा होणारच की."

आणि मग तिनं जे सांगितलं ते तुला सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. बाबांना ठाऊक होतं. तू गेलास त्याच आठवड्यात त्यांनी झाकण उघडून पट्टा पाहिला होता. तू खरं बोलत होतास हे त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, मग त्यांनी पट्टा बदलला का नाही? धुलाई मशीनचा पट्टा जरा करकरला की हातातलं ताट बाजूला ठेवून उठणारा माणूस तो! आई म्हणाली, "बदलणार होते. मीच हात धरला. म्हटलं, घरातून गेला, आता यातूनही घालवताय?" त्यानंतर त्यांनी त्या यंत्राला कुणाला हात लावू दिला नाही. मात्र तुला पत्र घालून "तुझं बरोबर होतं" एवढं लिहायला त्यांना जमलं नाही. रोज संध्याकाळी विचारायचे, "आज लावली होतीस का?" आई हो म्हणायची. मग जेवायला बसायचे.

हे मला आता कळतंय. मी त्याच घरात राहत होते आणि मला आता कळतंय. फार राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना, म्हणून दिवसभर प्रेस चालवली.

आता रोज दुपारी आई कॉम्प्युटरमधून बाबांच्या आवाजात तुझं गाणं ऐकते आणि पोटभर जेवते. चांगलं झालं म्हणायचं की वाईट, मला ठरवता येत नाही. मला वाटतं आपण तिला फसवतोय. तू इतका बदलला असशील कसा? माझ्या डोळ्यांसमोर तू खोक्यावर बसलेलाच आहेस. डॉक्टर म्हणाले, उजवा कान जवळजवळ संपला. डाव्यात खालचे स्वर अजून आहेत.

फोन कर. तिला खरा आवाज एकदा तरी ऐकू दे.

ताई

मंगळवार, २८ मे

गुणगुण्या,

गेल्या बुधवारी दुपारी दुकानात जो फोन आला तो तूच केला होतास. मला आता कळलंय. हे पत्र मिळाल्याबरोबर शेवटपर्यंत वाच, अर्धं टाकून देऊ नकोस.

मी प्रेसवर होते. फोन वाजला, मी वाफ सोडत सोडतच उचलला. खरखर होती. आणि पलीकडून बाबा म्हणाले, "ताई?"

मी सांगते ते खरं आहे. बाबा. तोच आवाज, तसाच शेवटी किंचित खाली पडणारा. बाबा मला कधी ताई म्हणत नव्हते, एवढंसुद्धा त्या क्षणी सुचलं नाही. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तू पुन्हा म्हणालास, "ताई, मी बोलतोय. ऐकू येतंय का?" मला ऐकू येत होतं. प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. मी हातात फोन धरून प्रेसकडे बघत उभी होते. मग तू म्हणालास, "बरं. नसेल बोलायचं तर..." आणि ठेवलास.

मी रागानं गप्प बसले नव्हते रे. तुला तसं वाटलं असणार. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. इतक्या वर्षांनी माणूस धीर करून फोन करतो आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. ढोल्यानं फोन कंपनीकडे खेटे घातले, तो नंबर कुठल्याशा बंदरावरच्या सार्वजनिक फोनचा निघाला. पन्नासदा लावला. एकदा कुणीतरी उचलला, परक्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि ठेवून दिला. तुझ्या ऑफिसात फोन केला तर म्हणतात, जहाज निघालं, निरोप लिहून पाठवा. म्हणून लिहितेय. त्या चाहत्यांपैकी कुणाला ते जहाज ठाऊक आहे का, असंसुद्धा खिसेवालीनं विचारून पाहिलं. हजारो माणसं तुझ्या आवाजावर जीव ओवाळून टाकतात, पण तुझा खरा आवाज रस्त्यात कानावर पडला तर त्यांच्यातला एकही मागं वळून बघणार नाही.

आई तेव्हा मागच्याच खोलीत होती. चार पावलांवर. तिला हाक मारली असती तरी झालं असतं.

त्या संध्याकाळी मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, त्याचा फोन आला होता. ती म्हणाली, "आवाज कसा होता?" मी म्हटलं, "तू निवडलास तसाच." तिला नवल वाटलं नाही. मलाच वाटलं. तिनं डोळे मिटून अगदी बरोबर जागी हात वर केला होता आणि मी तिला भ्रमिष्ट ठरवून बसले होते.

ऐक. डॉक्टर म्हणतात, खालचे स्वर अजून आहेत. थोडे आहेत, पण आहेत. तुझा जुना आवाज तिला आता ऐकूच आला नसता, रेकॉर्डवरचा तर नाहीच. तुझा आत्ताचा येईल. तू बाबांसारखा झालास म्हणून येईल. त्यांच्यासारखं होणं तुला आवडलं नसेल, पण आता तेच कामाला येणार आहे.

फोन आता मागच्या खोलीत आईच्या खुर्चीशेजारी घेतलाय. तार लांबवली. पुढची घंटा वाजली की मीच उचलणार, कारण तिला घंटा ऐकू येत नाही. आणि तू "ताई" म्हणालास की माझं पुन्हा तेच होईल, मला माहीत आहे. माझा घसा माझ्या ताब्यात नाही. पलीकडून कुणी बोललं नाही तर ठेवू नकोस. बोलत राहा. तेवढ्यात मी रिसीव्हर तिच्या डाव्या कानाला लावत असेन.

ताई